म्हैस मेली असती तर?

विनोदाला जात नसते, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. ऐकवणारे बहुतेक वेळा तेच असतात, ज्यांना स्वतःची जात कधी कुणाला सांगावी लागलेली नाही. दुसऱ्या बाजूनं आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात की मराठी विनोद म्हंजे सगळा सदाशिवपेठी माल, पांढरपेशांनी पांढरपेशांसाठी केलेला, त्याला हातसुद्धा लावू नका. ही दोन्ही वाक्यं मला सारखीच आळशी वाटतात. पहिल्या वाक्यात तपासणी टाळायची सोय आहे, दुसऱ्यात वाचन टाळायची. म्हणून एक गाजलेली विनोदी कथा घ्यावी, ती आपल्या माणसांपुढं ठेवावी आणि ते काय म्हणतात ते मन लावून ऐकावं, असं ठरवलं. कथा पु. ल. देशपांडे यांची 'म्हैस'.

हीच का, तर ही कथा पुस्तकाच्या कपाटात अडकून पडलेली नाही. पुलंनी (१९१९–२०००) ती स्वतःच्या तोंडानं सांगितली, कॅसेटवर आली आणि ज्या घरात मराठीचं एक पुस्तक नाही त्या घरातही पोचली. लग्नाच्या मांडवात, गणपतीच्या लाऊडस्पीकरवर, लांब पल्ल्याच्या गाडीत लोकांनी ती ऐकली. पाठ असलेले लोक आहेत. जे साहित्य ऐकून ऐकून पाठ होतं ते नुसतं साहित्य राहत नाही, ते वळण होतं. कशाला हसायचं आणि कुठल्या गोष्टीकडं लक्षच द्यायचं नाही, हे ते शिकवतं. म्हणून त्याची झडती घेणं हे आपलं काम आहे.

कथा थोडक्यात अशी. कोकणातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं एसटी चालली आहे. गाडीत नाना तऱ्हेची माणसं. एकेकाचं बोलणं, एकेकाची खोड पुलं अशी काही उभी करतात की माणूस डोळ्यांपुढं येऊन बसतो. मग गाडीपुढं म्हैस येते, धडक बसते, म्हैस रस्त्यात आडवी. मालक धर्मा मांडवकर येतो. गर्दी जमते. पुढारी येतो, पोलीस येतात, पंचनामा सुरू होतो. म्हशीपेक्षा तिच्याबद्दलचा कागद मोठा व्हायला लागतो. प्रत्येक जण आपापलं घोडं पुढं दामटतो. आणि हे सगळं रंगात आलेलं असताना म्हैस उठते आणि चालायला लागते. संपलं.

आता आमच्या गावाविषयी. ढाणकी हे उमरखेड तालुक्यातलं गाव, यवतमाळ जिल्ह्याच्या पार टोकाला. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो, नांदेड जिल्हा. इथं कोकण कुणी पाहिलेलं नाही. पण एसटी, म्हैस, पुढारी आणि पंचनामा या चारही गोष्टी आमच्या ओळखीच्या. विहारात संध्याकाळी वंदना झाल्यावर जी माणसं थांबली त्यांना आम्ही कथा ऐकवली. वीसेक माणसं असतील. हसू भरपूर झालं, ते लपवण्यात अर्थ नाही. नंतर मी प्रत्येकाला एकच विचारलं, कशी वाटली?

एक जुने मास्तर म्हणाले, सरकारी भाषेची इतकी सुंदर टर मराठीत दुसऱ्या कुणी उडवलेली नाही. मेलेल्याला न्याय देता येत नाही पण त्याचं वर्णन मात्र चार पानं लिहिता येतं, हे या माणसानं बरोबर पकडलं. कॉलेजात जाणारा एक पोरगा तडकून म्हणाला, "याच्यात आपलं कोन हाय? बामनी विनोद हाय सगळा. आपन कायले आयकत बसलो?" एसटीत जन्म घातलेला एक ड्रायव्हर सगळ्यांत मोठ्यानं हसला होता. तो म्हणाला, गाडीखाली काहीही आलं तरी आधी ड्रायव्हरची कॉलर धरतात, पब्लिकला मजा असते, ड्रायव्हरच्या पोटात गोळा असतो, तो गोळा कुणी सांगत नाही. रोजानं निंदायला जाणारी एक बाई म्हणाली, "म्हैस उठली ते बरं झालं माय. पन अंगाले मार बसल्यावर जनावर दूध देते का? ते कोन भरून देनार त्या धर्माले?"

आणि एक म्हातारा. ऐंशीच्या वरचा. तो हसला नव्हता. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मेली असती तं वढायले कोनाले बलावलं असतं?"

विहारात एकदम चिडीचूप झालं. ज्यांचं हसू अजून ओठांवर होतं त्यांचंसुद्धा. माझ्या मते 'म्हैस'वर आजवर झालेलं सगळं कौतुक एका पारड्यात टाकलं आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात, तर वाक्याचं पारडं खाली बसेल. पण तिकडं जाण्याआधी बाकीच्यांचं म्हणणंही तपासलं पाहिजे. कारण समीक्षा म्हंजे शेवटच्या माणसाला शाबासकी देऊन मोकळं होणं नव्हे.

मास्तरांचं बरोबर आहे. कथेचं खरं बळ पंचनाम्यात आहे. समोर जित्ती म्हैस पडलेली असते, तिला कुणी पाणी पाजत नाही, आणि कागदावर मात्र तिचा कारभार चाललेला असतो. पुढारी दुःखाचं भांडवल करतो, पोलीस दुःखाचा अर्ज करतो. ही टीका कुणी वरवर समजू नये. आपल्या बाजूच्या कितीतरी घोषणांपेक्षा ती खोल जाते. तेव्हा त्या कॉलेजच्या पोराला मी म्हणेन, दोस्ता, 'बामनी' हा शिक्का मारून तुझं काम संपत नाही. ज्या लेखकाला तू एका शब्दात निकालात काढतोस, त्यानंच दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये आलं तेव्हा मोकळ्या मनानं त्याच्याबद्दल लिहिलं. माणूस आडमुठा नव्हता. म्हणूनच त्याची कथा अधिक बारकाईनं वाचायची. आडमुठ्या माणसाच्या लिखाणात काय नसेल हे आधीच ठाऊक असतं. भल्या माणसाच्या लिखाणात काय सुटून गेलं, त्यावरून समाजाची नजर कळते.

पण पोराच्या प्रश्नातला अर्धा भाग मी सोडणार नाही. याच्यात आपलं कोण आहे? कथा गाडीतून दिसते. गाडीच्या खिडकीतून. गाडीतल्या प्रत्येक माणसाला नाव आहे, लकब आहे, बोलायची तऱ्हा आहे. धर्मा मांडवकर मात्र रस्त्यावरून येतो, आणि तो येतो तो आधीच हसण्याच्या रिंगणात येतो. त्याचं रडणं आपल्याला ऐकू येतं ते गाडीतल्या माणसांच्या शेऱ्यांमधून. गरिबाचा आकांत आणि प्रवाशाचा खोळंबा ही दोन दुःखं इथं एका मापानं मोजली जातात. नव्हे, खोळंब्याचं माप थोडं मोठंच. एसटीचा ड्रायव्हर सांगतो तो गोळासुद्धा त्यामुळंच दिसत नाही. ड्रायव्हर गाडीत असला तरी प्रवासी नसतो.

याला कुणी म्हणेल की विनोदाला कुठंतरी उभं राहावं लागतंच. कबूल. चार्ली चॅप्लिनही कुठंतरी उभा राहतो. पण 'मॉडर्न टाइम्स'मध्ये (१९३६) तो यंत्राच्या दात्यांत अडकतो आणि तिथून आपल्याला हसवतो. तो कारखान्याच्या गच्चीवरून कामगारांची गंमत दाखवत नाही. हसू वरून खाली येतं की खालून वर जातं, हा फरक आहे.

आता त्या बाईचं म्हणणं. दूध कोण भरून देणार? काही जण हसले, म्हणाले ही कथा आहे, दुधाचा हिशेब काय मागता! पण मला हा अस्सल वाङ्मयीन प्रश्न वाटतो. तिनं कथेच्या शेवटावर बरोबर बोट ठेवलं आहे. म्हैस उठून चालायला लागते तेव्हा काय काय होतं ते पाहा. पुढाऱ्याची सुटका होते. पोलिसांची सुटका होते. ड्रायव्हरची होते. आणि सगळ्यांत मोठी सुटका होते ती ऐकणाऱ्याची. इतका वेळ आपण एका गरिबाच्या मरणाला हसत होतो काय, ही टोचणी लागायच्या आतच म्हैस उठते. हसू बिनबाकीचं होतं. कुणी कुणाचं देणं लागत नाही. या शेवटामुळंच कथा मांडवात लावता येते. ज्या घरी म्हैस म्हंजे मिळवतं माणूस, त्या घरची बाई मात्र हिशेब बंद करू देत नाही. उठली, ठीक आहे. पुढं?

आमच्या जिल्ह्याला तर हा प्रश्न फारच ओळखीचा आहे. यवतमाळचं नाव देशभर झालं ते कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांमुळं. २००५–०६ पासून अशा कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देतं, त्यासाठी चौकशी होते आणि मेलेला माणूस 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. जमीन नावावर पाहिजे, कर्ज कागदावर पाहिजे. जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचं मरण या कागदात मावत नाही. आमच्या वस्त्यांमध्ये अशीच माणसं जास्त. पुलंचा पंचनामा ऐकून आम्हीही हसतो ते ओळख पटते म्हणून. पण आमच्या पंचनाम्याच्या शेवटी कुणी उठून चालायला लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. तिथंही कागद झाले. शवविच्छेदन असं झालं की पुरलेले देह पुन्हा उकरून काढावे लागले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानंही तेच कायम ठेवलं. कागदात सगळं आलं, जात तेवढी आली नाही. हा पंचनामा कुठल्या विनोदी लेखकानं लिहायचा?

आता म्हाताऱ्याकडं येतो.

मेलेलं ढोर गावात कुणी ओढायचं, याचं उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला शेकडो वर्षं तोंडपाठ होतं. ढोर पाटलाचं असो की कुलकर्ण्याचं, जित्तं असेपर्यंत त्याचं, मेलं की महाराचं. म्हाताऱ्यानं ते स्वतः केलेलं नसेल, पण बापाला करताना पाहिलं आहे. त्यामुळं कॅसेटमध्ये म्हैस आडवी झाली तेव्हा आपल्याला पुढारी आणि पोलीस आठवले, त्याला स्वतःच्या घराचं दार आठवलं. दारात येऊन कुणीतरी हाक मारत असणार, ही त्याची पहिली आठवण. कथेत समाजाचे एवढे नमुने जमा होतात, पण ही हाक ऐकू येत नाही. यायची गरजच पडत नाही, कारण म्हैस मरत नाही. ती मेली असती तर कथेला खाली उतरावं लागलं असतं. गाडीतून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गावाबाहेर. मग विनोदाचं काय झालं असतं ते सांगता येत नाही.

आणि रस्ता तरी कुठला? कोकणातून मुंबईला जाणारा जुना हमरस्ता महाडवरून जातो. त्याच महाडात १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं. पण त्याच परिषदेत मेलेलं ढोर ओढणं सोडा, मेलेल्या ढोराचं मांस खाणं सोडा, हेही बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितलं. आणि माणसांनी ते ऐकलं. उपाशी राहिले, मार खाल्ला, गावानं वाळीत टाकलं, तरी ओढायला गेले नाहीत. कोकणच्या रस्त्यावर ढोर पडलं आणि ओढायला कुणी आलं नाही, ही एक प्रचंड मोठी गोष्ट त्या मुलखात खरोखर घडून गेली होती. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवेसुद्धा रत्नागिरी जिल्ह्यातलंच. पण मराठी विनोदाच्या गाडीला या गोष्टीचा स्टॉप नव्हता.

मी पुलंवर आरोपपत्र ठेवत नाही. त्यांनी महाराची टिंगल केली असती तर मी ठेवलं असतं. त्यांनी टिंगल केली नाही, त्यांना तो दिसलाच नाही. आपल्याबाबत साहित्यात या दोन तऱ्हा होत आल्या आहेत. प्रेमचंदांच्या 'कफन'मध्ये घिसू आणि माधव हे चांभार बाप-लेक आहेत. घरात सून बाळंतपणात मरते आणि तिच्या कफनासाठी मागून आणलेले पैसे हे दोघं दारूत उडवतात. त्या कथेवर हिंदीतल्या दलित समीक्षकांनी कडाडून आक्षेप घेतला, की आमचा माणूस तुम्हाला असाच का दिसला? 'कफन'मध्ये आपण आहोत, पण असे. 'म्हैस'मध्ये आपण नाहीच. पहिल्याचा राग लगेच येतो. दुसऱ्याचा यायला म्हातारा लागतो.

आता आपल्याकडं वळू. कारण दुसऱ्याच्या गाडीत आपल्याला जागा नाही म्हणून रडत बसणं हे काही आपलं साहित्य नव्हे. दलित साहित्यावर एक आरोप जुना आहे, की हे लोक नुसते रडतात नाहीतर शिव्या देतात, यांना हसता येत नाही. हा आरोप करणाऱ्यांनी तमाशाचा सोंगाड्या पाहिलेला नाही काय? वगात राजाला राजा समोर असताना मूर्ख ठरवणारा सोंगाड्या हा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असे. रात्री हजारोंना हसवायचं आणि सकाळी त्याच गावात वेगळ्या कपात चहा प्यायचा, असं त्याचं जिणं. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांच्या आंबेडकरी जलशांनी हीच हसवायची ताकद देवभोळेपणावर आणि भटशाहीवर लावली. माणसं पोट धरून हसत आणि हसता हसता घरातले देव बाहेर काढत. हे हसू खालून वर जाणारं होतं. ते छापलं गेलं नाही, त्याच्या कॅसेटी निघाल्या नाहीत, म्हणून ते नव्हतं असं होत नाही.

खरं तर मेलेल्या ढोराची आपली विनोदी कथा लिहूनही झाली आहे, फक्त ती कागदावर लिहिलेली नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी गाडीला बांधून झोडपलं. त्यावर तिथल्या आपल्या माणसांनी काय केलं? सुरेंद्रनगरला मेलेली ढोरं गाड्यांत भरून आणली आणि कलेक्टर कचेरीपुढं टाकून दिली. तुमची आई आहे ना, मग घ्या, तुम्हीच माती द्या! या घटनेत पुलंच्या कथेतलं सगळं आहे. ढोर आहे, साहेब आहे, पोलीस आहे, पुढारी आहे, बघ्यांची गर्दी आहे. फक्त ढोर खरोखर मेलेलं आहे आणि ओढणारा पहिल्यांदा कथेचा नायक आहे. तो म्हणतो, मी ओढणार नाही. त्या दिवशी नाकाला रुमाल लावून उभे राहिलेले साहेब आठवा आणि सांगा, हसू येतं की नाही? येतं. आणि या हसण्याची बाकी राहते. ती कचेरीपुढं सडत पडते. तिला पंचनाम्यात बसवता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्या दोस्तांना माझं सांगणं असं. 'म्हैस'ची कॅसेट फोडू नका, तिची आरतीही करू नका. वस्तीत लावा. बायांना, म्हाताऱ्यांना बोलवा. हसू द्या, आणि हसून झाल्यावर विचारा. आपल्या वाचकांची मतं आपण कधी गोळाच करत नाही. समीक्षा म्हंजे विद्यापीठातल्या माणसानं करायची गोष्ट, असं आपणही मनोमन धरून चाललो आहोत. ज्या बाईनं दुधाचा हिशेब मागितला तिला अक्षर वाचता येत नाही. ज्या म्हाताऱ्यानं ओढणाऱ्याची चौकशी केली त्यानं शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. या दोघांनी एका कथेचा शेवट आणि एका कथेची रिकामी जागा दाखवून दिली. याहून समीक्षा वेगळी काय असते?

आणि ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांना आणखी एक काम. तीच एसटी घ्या, तोच रस्ता घ्या, तीच म्हैस आडवी पाडा. पण या खेपेला गोष्ट गाडीतून सांगू नका. गावाबाहेरच्या त्या दारातून सांगा जिथं हाक मारायला माणूस आला आहे. त्याला दारातून काय उत्तर मिळालं, ते ऐकून तो कसा परत गेला, पाटलानं काय केलं, मास्तरांनी काय केलं, पुढाऱ्यानं कुठल्या नाकपुडीनं श्वास घेतला, सगळं येऊ द्या. हातचं काही राखू नका. लोकांना पोट धरून हसवा. पण म्हशीला उठवू नका.

जयभीम.